ईशान्येचा खांब

ग्रेलिंग गावात हिवाळा सरला की माणसं आधी घरं सरळ करतात, मग एकमेकांशी वागणं. जमीन वरून दोन हात मऊ आणि त्याखाली बारमाही गोठलेली. वरचा थर थंडीत फुगतो, उन्हात बसतो, आणि त्याच्यावरची घरं लग्नात जास्त प्यायलेल्या पाहुण्यासारखी एका अंगावर कलतात. पोस्टातल्या टेबलावरून पेन्सिल आपोआप घरंगळली की पोस्टमास्तर म्हणतो, "चला, उन्हाळा लागला." मग जो तो जॅक घेऊन आपापल्या घराखाली शिरतो.

मोनार्क थिएटरखाली मात्र गेली सदतीस वर्षं एकच माणूस शिरत होता. ओव्हिला तेरियो. वय अडुसष्ट, धंदा सुतारकी, मूळ गाव पूर्वेला पार तिकडे क्वेबेकात. मोनार्कचा ईशान्येकडचा कोपरा दर वर्षी खचायचा आणि ओव्हिला तो दर वर्षी उचलून द्यायचा, एक पैसा न घेता. फुकट राबणाऱ्या माणसाला लोक एक तर खुळा म्हणतात नाही तर साधू. ग्रेलिंगनं ओव्हिलाला साधू ठरवलं होतं. साधूला मदत करावी लागत नाही, ही त्यातली सोय.

त्याची बायको देलिमा तेवढी या कौतुकात सामील नव्हती. "माझ्या शेजारी घोरलास त्यापेक्षा जास्त वेळ त्या बाईच्या पोटाखाली पडून काढलायस," असं ती चारचौघांत म्हणायची. ती बाई म्हणजे मोनार्क.

एकोणीसशे एकसष्टच्या जूनमध्ये राजधानी ओटावाहून प्रिचर्ड नावाचा सरकारी इंजिनियर आला. जुनं थिएटर सरकारनं दुरुस्त करावं की पाडून टाकावं, हे त्यानं बघून सांगायचं होतं. शुक्रवारी थिएटर समितीपुढे तो आपलं मत मांडणार होता. त्याला इमारत कोणी दाखवायची यावर समितीत चर्चा झालीच नाही.

मंगळवारी ओव्हिला त्याला घेऊन हिंडला.

"सात आठवड्यांत उभं केलं हे, अठराशे नव्याण्णवात. बांधणारा स्वतःला कर्नल म्हणवायचा. फौज त्यानं फक्त नाटकात पाहिली होती. वाळूत रुतलेली एक आगबोट विकत घेतली आणि तिच्या फळ्या काढून हे केलं. तुळयांवर आकडे दिसतात ना साहेब, ते केबिनचे नंबर."

"म्हणजे बाल्कनीला टेकू देते ती चौदा नंबरची केबिन?"

"चौदा नंबरनं पूर्वी कोणाकोणाला टेकू दिला ते विचारू नका."

प्रिचर्ड हसला. माणूस बरा होता, फक्त हातातली वही कधी खाली ठेवत नव्हता. ओव्हिलानं त्याला दाराशी तराजूची जागा दाखवली. नोटा नव्हत्या तेव्हा लोक तिकिटाला सोन्याची पूड तोलून द्यायचे, ती थरथरत्या बोटांतून सांडायची आणि फळ्यांच्या फटींतून खाली जायची. पुढे सोनं आटलं, माणसं दुसऱ्या सोन्याच्या मागे गेली. मोनार्कमध्ये मूकपट आले, मुष्टियुद्धं झाली. चर्च जळालं त्या हिवाळ्यात तर त्याच रंगमंचावरून पाद्र्यानं दारूविरुद्ध प्रवचनं दिली, मागच्या पडद्यावर बाटल्यांची रांग रंगवलेली असताना. महायुद्धात फौजेनं टायर भरून ठेवले. माणसाला लाज असते म्हणून तो एका जन्मात एवढं सोसत नाही. इमारतीचं तसं नसतं.

मग दोघं ईशान्येच्या खांबापाशी आले. खांबावर ओव्हिलानं दर वर्षी एक खाच पाडली होती, त्या वर्षी किती उचललं त्याची. सुरुवातीच्या खाचा दोन-दोन बोटांच्या अंतरावर होत्या, अलीकडच्या अगदी चिकटून.

प्रिचर्ड टॉर्च घेऊन पालथा झाला. खालून त्याचा आवाज आला, "हे खचायला लागलं कधी?"

"चोवीस साली."

"कशामुळे?"

इथे ओव्हिलाला गप्प बसता आलं असतं. पण सदतीस वर्षं एकच गोष्ट ऐकली आणि सांगितली की जिभेला तिचा उतार लागतो. "आयमो कोर्पेलामुळे," तो म्हणाला. "फिनलंडचा. बॉयलर सांभाळायचा इथला. फटींतून पडलेलं सोनं खाली साठलंय म्हणून त्यानं बॉयलरची वाफ नळीनं जमिनीत सोडली, जमीन वितळवली आणि बोगदा खणला. मार्च महिन्यात, रविवारी दुपारी, शाळेचा कार्यक्रम चालू होता. खांब वीतभर बसला, तुळई निसटली, बाल्कनी खाली आली. एकोणीस जण जखमी. मेलं कोणी नाही, देवाची कृपा."

"बोगदा कोणी पाहिला?"

"खड्डा पाहिला. ऊन ऊन चिखलाचा. सगळ्या गावानं."

प्रिचर्ड बाहेर आला, गुडघे झटकले आणि वहीत बराच वेळ लिहीत बसला. नंतर ओव्हिलाच्या घरी चहा घेताना म्हणाला, "मग निकाल लागल्यासारखाच आहे. माणसानं खणलेली पोकळी कुठवर गेलीय कोण सांगणार? नुसती उष्णतेनं जमीन वितळली असती तर मी म्हटलं असतं, बॉयलर बंद करा, खालून वारा खेळू द्या, सात-आठ हिवाळ्यांत पुन्हा दगड होईल. पण बोगद्यावर मी माणसं बसवणार नाही. पाडायला लागेल. कर्नलच्या नावाची एक पितळी पाटी लावू."

"ड्रिल मारून बघता येत नाही?"

"येतं ना. पण ते यंत्र बोटीनं आणायचं तर वर मला कारण द्यावं लागतं. सगळं गाव म्हणतंय बोगदा आहे. नाही म्हणणारा एक तरी माणूस दाखवा."

तो माणूस त्याच्या समोर उभा होता आणि साखर किती घालू म्हणून विचारत होता.

खरी गोष्ट अशी. तेवीस सालच्या हेमंतात देलिमाला सहावा महिना होता. ती मोनार्कच्या ईशान्य कोपऱ्यातल्या खोलीत नटांचे कपडे शिवायची आणि तिचे पाय गारठायचे. ओव्हिलाला गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच्या क्वेबेकात नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणाआधी प्रत्येक शहाणा माणूस घराच्या पायाभोवती फळ्या ठोकतो आणि आत लाकडाचा भुसा ठासतो, म्हणजे खालून वारा शिरत नाही. जो हे करत नाही त्याच्या बायकोची लोक कीव करतात. इथली घरं खालून मुद्दाम उघडी ठेवलेली बघून ओव्हिलाला वाटायचं, आळशी लेकाचे. त्यानं मागच्या गल्लीत त्या कोपऱ्याला फळ्या ठोकल्या, वीस ढकलगाड्या भुसा ठासला. आठवड्यात बर्फ पडला आणि सगळं झाकलं. वारा अडला, बॉयलरची ऊब खाली कोंडली आणि जमीन आपली गुपचूप वितळत राहिली. बायकोचे पाय मात्र त्या हिवाळ्यात खरोखरच गरम होते.

बाल्कनी कोसळली तेव्हा सगळे आत धावले. ओव्हिला मागच्या गल्लीत धावला. फावड्याच्या पहिल्याच घावाला चिखलातून वाफ आली आणि त्याला कळायचं ते कळलं. लोक कंदील घेऊन खाली बघायला आले तोवर फळ्या नव्हत्या, भुसा नव्हता, नुसता ऊन चिखलाचा खड्डा होता. विनाकारण पडलेल्या खड्ड्याचा सोन्याच्या गावात एकच अर्थ निघतो. आयमोकडे वाफेची नळी होती आणि खोलीत सोनं धुवायचं तसराळं होतं. तसराळं गावात घरटी एक होतं, पण तो हिशेब त्या दिवशी कोणी मांडला नाही. आयमोचं काम गेलं आणि तो नदीपलीकडे राहायला गेला. आजही ग्रेलिंगमध्ये पोरानं अंगण उकरलं की आई ओरडते, "आयमो झालायस का?"

संध्याकाळी ओव्हिलानं देलिमाला सगळं सांगितलं. ती वाटाण्याचं सूप वाढत होती.

"मग सांगून टाक," ती म्हणाली.

"सांगू?"

"मला काय विचारतोस? भुसा ठासताना विचारलं होतंस?"

"तुझे पाय गारठत होते."

"माझे पाय!" तिनं पळी आपटली. "सदतीस वर्षं माझे पाय पुढे करतोयस, म्हाताऱ्या. मी भुसा मागितला होता? मी लोकरीचे मोजे मागितले होते!"

देलिमाचा आवाज जरा उतरला. "हेस्टर मग मला चहाला बोलावणार नाही. दर गुरुवारी तिच्याकडे जाते, आणि दर गुरुवारी तिचा तो गुडघा बघते. नाही बोलावलं तर बरंच. चहा तसाही पाणचट असतो तिचा."

हेस्टर ग्रिम्स ही तेव्हा बावीस वर्षांची शिक्षिका होती आणि बाल्कनीखाली पियानो वाजवत होती. तेव्हापासून तिच्या हातात काठी होती. आता ती समितीची अध्यक्ष होती, आणि मोनार्क वाचावं म्हणून ओटावाला तिनं एकटीनं जेवढी पत्रं लिहिली तेवढी गावानं मिळून लिहिली नव्हती.

"लोक काय म्हणतील, देलिमा?"

"आयमोला म्हणाले तेच म्हणतील. त्याला जमलं ना जगायला?"

"जमलं की नाही ते बघायला कुठे गेलो मी," ओव्हिला म्हणाला. आणि बुधवारी सकाळी बोट काढून तो ते बघायला गेला.

आयमोची झोपडी ओव्हिलाच्या घराच्या खिडकीतून दिसायची. एवढी जवळ, आणि जायला सदतीस वर्षं लागली. आयमो बाहेर खुर्ची टाकून सामन माशांचं जाळं सांधत होता. चौऱ्याहत्तरीचा, वाळलेला, पण सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवत होता.

"चोवीस साली आला असतास तर चहा गरम मिळाला असता," तो म्हणाला. उठला नाही.

ओव्हिलानं दहा वेळा मनात घोकलेलं वाक्य गिळलं. "तुला माहीत होतं?"

"रोज सकाळी राख टाकायला मागच्या गल्लीत कोण जायचं? तुला सांगितलंही होतं, बाबा रे, इथे घराला दुलई पांघरवायची नसते. तू म्हणालास, तुम्ही फिनलंडची माणसं घरं नागडी ठेवत असाल, आम्ही माणसांत राहतो."

ओव्हिलाला हे आठवत नव्हतं. बाकी सगळं आठवत होतं. ढकलगाडीचं चाक करकरायचं तेसुद्धा. हे तेवढं गाळलं गेलं होतं. माणूस स्वतःच्या गुन्ह्याचीही निवडक टाचणं ठेवतो.

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो की. भुसा बघा म्हटलं, फळ्या बघा म्हटलं. सगळे कंदील घेऊन गेले. काही नव्हतं तिथे." आयमोनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "तेव्हा वाटलं, मलाच भ्रम झाला असेल. एक वर्षभर मी तसंच धरून चाललो. झोपेत खणलं असेल आपण, असंही वाटायला लागलं. मग कोणीतरी सांगितलं, तेरियो म्हणे मे महिना लागला की त्याच कोपऱ्याखाली शिरतो, तेही फुकट. तेव्हा जीवात जीव आला."

"शुक्रवारी मी समितीपुढे सांगणार आहे. नाही तर ते थिएटर पाडतायत."

"अस्सं. थिएटर वाचवायला."

"हो. म्हणजे तुझंही..."

"आणि पाडायचं ठरलं नसतं तर?"

पाणी वाहत होतं. खोटं बोलायला इथे फार ऊन होतं आणि आयमोचे डोळे चांगले होते.

"सांग सांगायचं ते," आयमो म्हणाला. "फक्त माझ्यासाठी सांगतोय असं म्हणू नकोस. तेवढं मधे घालू नकोस."

शुक्रवारी चार वाजता मोनार्कमध्येच समिती बसली. अकरा माणसं, पहिल्या दोन रांगांत, उताराच्या जमिनीमुळे सगळी जराशी ईशान्येकडे झुकलेली. प्रिचर्डनं पाच मिनिटांत आपलं मत सांगितलं आणि पितळी पाटीचं नाव काढताना घसा साफ केला. हेस्टरबाई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा, आपलंच माणूस गेल्याचं डॉक्टरकडून ऐकणाऱ्यासारखा.

"कोणाला काही बोलायचंय?" त्यांनी विचारलं. "ओव्हिला, तू बोल. तुझ्याइतकं हिच्यासाठी कोणी केलं नाही."

ओव्हिला उठला. त्याला वाटलं होतं की सुरुवात जड जाईल. पण सुतार होता तो, सुतारासारखाच बोलला. फळ्या किती, कुठून कुठे ठोकल्या, भुसा किती गाड्या, कुठल्या गिरणीतला. बोगदा नव्हता, खड्डा होता, आणि खड्डा भुशानं पाडला, म्हणजे मी पाडला. आयमोनं काही केलं नाही. एवढं बोलून तो थांबला. आयमोसाठी म्हणून एक वाक्य त्यानं आदल्या दिवशी जुळवलं होतं, ते घातलं नाही.

कोणीतरी खुर्चीत चुळबुळलं. मागे देलिमा बसली होती, ती समोर बघत होती.

"भुसा काढला केव्हा?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"त्याच दुपारी."

"माणसं आत असताना?"

"बाहेर आणत होते."

"मला मागच्या दारानं आणलं," हेस्टरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा होता. "एका फळीवर निजवून गल्लीत ठेवलं, डॉक्टर येईपर्यंत. एक माणूस ढकलगाडी घेऊन तीनदा माझ्या शेजारून गेला. तिसऱ्यांदा मी त्याला हाक मारली. तो थांबला नाही." "मी आजवर सगळ्यांना सांगत आले, की त्या गोंधळात एकट्या ओव्हिलाला सुचलं, रक्तावर टाकायला भुसा आणायचं. शाळेतल्या पोरांना सांगितलंय मी हे. दर वर्षी, मार्च महिन्यात."

ओव्हिलाला ती हाक आठवत होती. ती त्यानं गाळली नव्हती.

"प्रिचर्डसाहेब," हेस्टरबाई वळल्या, "तुम्हाला कारण हवं होतं ना? मिळालं. यंत्र मागवा." मग ओव्हिलाकडे न बघता म्हणाल्या, "जॅक आणि किल्ल्या दाराशी ठेवून जा, मिस्टर तेरियो. पुढल्या वर्षीपासून दुसरे कोणी बघतील. तुम्हाला त्रास नको."

सदतीस वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच "तुम्ही" म्हटलं.

यंत्र ऑगस्टमध्ये आलं. त्या कोपऱ्यात नऊ ठिकाणी ड्रिल मारलं. नऊही ठिकाणी वर चिखल, खाली निळा, घट्ट बर्फ, पोकळी कुठेच नाही. सरकारनं मोनार्क दुरुस्त केलं आणि ते आजही उभं आहे. हे सगळं गावाच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. ओव्हिलाचं नाव त्यात नाही, तिथे "सुरुवातीच्या काळातील काही चुका" आहेत. आयमोचंही नाव नाही. ज्यानं काहीच केलं नाही असं ठरलं त्याच्याबद्दल लिहायचं काय, हे समितीला सुचलं नाही.

माहितीपत्रकात नाही ते असं, की सभेच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी हेस्टरबाई काठी टेकत ओव्हिलाच्या दाराशी आल्या.

"बोट आहे ना तुमची? मला पलीकडे जायचंय. त्याला समितीतर्फे सांगायला हवं."

"मी सांगून येतो की..."

"तुम्ही नको."

देलिमा आतून शाल घेऊन आली. "पाण्यावर गार लागेल, हेस्टर." हेस्टरबाईंनी शाल बघितली, तिला बघितलं आणि शाल घेतली. देलिमानं गुरुवारच्या चहाचा विषय काढला नाही, ती घरात गेली. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण तेवढी अक्कल तिला होती.

ओव्हिला वल्ही मारत होता. हेस्टरबाई त्याच्याकडे पाठ करून, प्रवाहाकडे तोंड करून बसल्या होत्या. मध्यावर आल्यावर त्याला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "डावीकडे घ्या, दगड आहे." त्यानं घेतलं.

काठाला लागल्यावर त्यानं हात पुढे केला. त्यांनी काठी खाली टेकली, दुखरा पाय आधी टाकला आणि घोट्याएवढ्या पाण्यातून स्वतःच वर गेल्या. आयमो दारात उभा होता. काय बोलणं झालं ते ओव्हिलाला ऐकू आलं नाही. हेस्टरबाई बराच वेळ बोलत होत्या, आयमो मान खाली घालून ऐकत होता, मध्येच एकदा त्यानं मान हलवली, नाही अशी किंवा हो अशी. मग तो आत गेला आणि बाहेर आला तो खुर्ची घेऊन. त्याच्याकडे एकच होती. ती त्यानं बाईंना दिली आणि आपण बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

कोणी ओव्हिलाला वर ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. प्रवाह बोट ओढत होता. दोर हाताला गुंडाळून तो पाण्यातच उभा राहिला. परत जायला हेस्टरबाईंना बोट लागणार होती, आणि तेवढं एक काम अजून त्याच्याकडे होतं.